गोळा पायात नव्हता, पोटात होता

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाऊसमध्ये केलेले भाषण. सेक्रेटरींच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत मी चार-पाच वेळा तरी बोललो असेन. विषय ठरलेले. नॉमिनेशन का करावं, मुदत ठेवीच्या पावत्या कुठे ठेवाव्यात, १५ एच फॉर्म वेळेवर का भरावा. त्या भाषणांना शेवटपर्यंत जागे किती जण होते, ते मी इथून मोजलेलं आहे. कॅशियरची सवय आहे, मोजल्याशिवाय राहवत नाही.

या वेळी सेक्रेटरींनी वेगळा विषय दिला. म्हणाले, "काका, तीन आठवड्यांनी तुमची ट्रायथलॉन आहे. तयारी कशी चाललीय ते सांगा. सिनियर सिटिझन मंडळींना प्रेरणा मिळेल." मी हो म्हणालो. पण प्रेरणा वगैरे देण्याआधी मला एक जुना हिशेब पुरा करायचा आहे. तो मधे येईलच.

आधी ट्रायथलॉन म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण लिफ्टमध्ये मला अजूनही कुणी कुणी विचारतं, "काय काका, मॅरेथॉन कधी?" ट्रायथलॉनमध्ये सलग तीन खेळ असतात. आधी पोहायचं, बाहेर येऊन सायकल चालवायची, सायकल ठेवून धावायचं. मधे बूट-हेल्मेट चढवायला जो वेळ जातो तोही घड्याळात धरतात. या खेळातली लांब पल्ल्याची जी प्रसिद्ध स्पर्धा, आयर्नमॅन, ती १९७८ साली हवाई बेटांवर सुरू झाली. अमेरिकेच्या नौदलातले जॉन कॉलिन्स नावाचे अधिकारी. पोहणारा जास्त दमदार, धावणारा की सायकलवाला, असा वाद चालला होता. त्यांनी तिथल्या तीन लांब शर्यतींची अंतरं एकापुढे एक जोडली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. पुढे २००० साली सिडनीला ट्रायथलॉन ऑलिम्पिकमध्ये आलं, ते कमी अंतराचं, दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या आयर्नमॅनची स्पर्धा सुरू झाली आणि गाड्यांवर सायकली बांधून घाट उतरणारी कोल्हापूरची पोरं आपल्याला दिसायला लागली.

माझी स्पर्धा या सगळ्यांत धाकटी. तिला स्प्रिंट म्हणतात. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. नाव स्प्रिंट असलं तरी माझ्या वयात त्यात स्प्रिंट काही नसते. पोहायला अर्धा तास, सायकलला तासाभराच्या आत-बाहेर, आणि पाच किलोमीटर मी धावत-चालत पाऊण तासात उरकतो. वेळेच्या मर्यादेत बसतो, एवढंच.

याच्या नादी मी लागलो त्याला आपली कमिटीच जबाबदार आहे. तीन वर्षांपूर्वी बोर्डावर नोटीस लागली, 'पार्किंगमधील बेवारस सायकली आठ दिवसांत हलवाव्यात, अन्यथा भंगारात देण्यात येतील.' त्यात आमच्या चिरंजिवांची गिअरची सायकल होती. चिरंजीव पुण्याला, सायकल इथे धूळ खात. मला काही ती भंगारात द्यायचं धाडस होईना. पंक्चर काढून, तेलपाणी करून आणली आणि विद्यापीठाच्या रस्त्याला एक चक्कर मारली. त्याच महिन्यात रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर ६.३ निघाली. डॉक्टर म्हणाले, अजून डायबेटिस नाही, पण दारात उभा आहे. मग सायकल रोजची झाली. सी विंगमधलं सायकल चालवणारं तरुण जोडपं आहे, त्यांच्यामागे मी जायला लागलो आणि त्यांनीच एक दिवस विचारलं, "काका, पोहता येतं का?"

मी छाती फुगवून सांगितलं, येतं म्हणजे काय! कागल तालुक्यातल्या आमच्या गावी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललेला माणूस आहे मी. तिथे पोहायला शिकलो नाही तर जेवायला घरी येता येत नसे. नंतर कळलं की विहिरीत पोहणं वेगळं आणि ७५० मीटर पोहणं वेगळं. विहिरीत दहा हात मारले की समोर भिंत येते. तलावात भिंतच येत नाही.

आता गेल्या वर्षीचा हिशेब.

गेल्या वर्षी याच स्पर्धेला मी उतरलो होतो हे तुम्हां सर्वांना माहीत आहे. गेटवर तुम्ही माझ्या फोटोसकट बोर्ड लावला होता. दुपारी मी घरी आलो तेव्हा दहा-बारा मंडळी हार घेऊन खाली थांबली होती. मी रिक्षातून उतरलो, किंचित लंगडलो आणि सांगितलं, "नाही झालं. पोहताना पायात गोळा आला." तुम्ही सगळ्यांनी किती मायेनं घेतलं ते! कुणी केळी आणून दिली, कुणी होमिओपॅथीच्या गोळ्या. ए विंगमधल्या वहिनींनी निर्गुडीचं तेल दिलं. काहीही न झालेल्या पायाला मी आठ दिवस ते तेल चोळून घेत होतो.

मंडळी, गोळा पायात आलाच नव्हता. तो पोटात आला होता. मी घाबरलो होतो.

बँकेत चुकीची नोंद झाली तर खोडायची नसते. त्यावर आडवी रेघ मारायची, बरोबर आकडा वर लिहायचा आणि शेजारी सही करायची. चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. म्हणून आज तुमच्यासमोर रेघ मारून सही करतोय. ए विंगच्या वहिनींची विशेष माफी.

झालं ते असं. राजाराम तलावाच्या काठावर आम्ही शे-सव्वाशे जण उभे होतो. शिट्टी झाली, सगळे पाण्यात घुसले. मी मधोमध. टँकमध्ये तळाला काळी रेघ असते, पाणी निळं असतं, आपला हात दिसतो. तलावात तोंड पाण्यात घातलं की नुसता हिरवा अंधार. शंभरेक मीटर गेलो असेन, तोच कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली. गॉगलमध्ये पाणी, नाकात पाणी. डोकं वर काढलं, श्वास घ्यायला लागलो तर तो पुरेचना. छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, हृदय कानात वाजायला लागलं. मनात एकच आलं, संपलं. हात वर केला. बचावाची होडी आली, तिला धरून लोंबकळलो. होडीतला मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "काका, दम खाताय की बाहेर नेऊ?" मी म्हणालो, "ने बाबा." काठावर डॉक्टरांनी नाडी पाहिली, ब्लड प्रेशर पाहिलं. पंधरा मिनिटांत सगळं जागेवर. पुढे कार्डिओलॉजिस्टकडेही जाऊन आलो, तिथेही काही निघालं नाही.

शरीराला काहीच झालं नव्हतं म्हणूनच मला जास्त लाज वाटली. बाहत्तर वर्षांचा माणूस, चौतीस वर्षं बँकेत काढलेली, तलावात घाबरला असं सांगायचं कसं? गोळा बरा. गोळ्याला कुणी हसत नाही.

ही थाप मी सहा महिने चालवली. या सहा महिन्यांत एक गोष्ट लक्षात आली. लपवलेली भीती काही कमी होत नाही, तिच्यावर व्याज चढतं. टँकवर जायची मला टाळाटाळ सुचायला लागली. आज पाणी गार आहे, आज गर्दी असेल. पायाचं कारण सांगितल्यामुळे जो तो मला पायाचे व्यायाम शिकवत होता. दुखणं एकीकडे, मलम दुसरीकडे. शेवटी टँकवर शिकवणाऱ्या मुलीला मी खरं सांगितलं. माझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती हसली नाही. म्हणाली, "आजोबा, पहिल्यांदा उघड्या पाण्यात उतरणारे बरेच जण असेच घाबरतात. आता आपण त्याचीच प्रॅक्टिस करू."

भीतीची प्रॅक्टिस करायची असते हे मला नवीन होतं. पण विचार केल्यावर आठवलं की हे आपण पूर्वी केलेलं आहे. १९७६ साली मी नवखा कॅशियर होतो. महिन्याचा पहिला आठवडा, पगाराची गर्दी, काउंटरबाहेर रांग दारापर्यंत. माझे हात थरथरायचे. नोटा मोजताना स्पंजच्या डबीतलं पाणी सांडायचं. एका संध्याकाळी शंभर रुपये कमी भरले. त्या काळी शंभर रुपये म्हणजे थट्टा नव्हती, आणि ते खिशातून भरायचे. मी रडकुंडीला आलो. आमचे हेड कॅशियर शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तू मोजताना रांगेकडे बघतोस. रांग तुला मोजायची नाही. हातातलं पॅकेट मोज. शंभर झाल्या की खाली ठेव, दुसरं घे." माझं त्या दिवशीचं कमी पॅकेट सापडलं ते असंच, एकेक पॅकेट परत मोजून. एकात नव्व्याण्णव नोटा होत्या.

तलावात मी पुन्हा रांगेकडे बघत होतो. ७५० मीटर, शंभर माणसं, अजून सायकल, अजून धावणं, गेटवरचा बोर्ड. हातातलं पॅकेट सोडून सगळं मोजत होतो.

आता या वर्षीची तयारी सांगतो. ज्यांना यातलं काही करायचं असेल त्यांनी हा भाग नीट ऐकावा.

पहिली गोष्ट, डॉक्टर. साठीनंतर कुठलीही अशी स्पर्धा ठरवायच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्यायचीच. मी ईसीजी, टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट तिन्ही केल्या. ट्रायथलॉनमध्ये हृदयाचे जे गंभीर प्रसंग घडतात त्यातले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात घडतात. म्हणून छातीत दुखलं तर 'ही नुसती भीती आहे' असं स्वतःच ठरवून पुढे जायचं नाही. हात वर करायचा. गेल्या वर्षी मी बाहेर आलो ते बरोबरच केलं. चूक फक्त त्यानंतर सांगितलेल्या कारणात झाली.

दुसरी गोष्ट, वेळापत्रक. सोळा आठवड्यांचं केलं. आठवड्यातून तीनदा पोहणं, दोनदा सायकल, दोनदा चालणं-धावणं आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. एखाद्या दिवशी सायकल संपल्या संपल्या लगेच धावायचं. हे करून बघितल्याशिवाय कळत नाही, सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहतच नाहीत, लाकडाचे होतात. पाच-सात मिनिटांनी परत आपले होतात. हे आधीच माहीत असलं की त्या दिवशी माणूस दचकत नाही.

तिसरी गोष्ट, बदलाबदली. पाण्यातून आल्यावर सायकलपाशी काय आधी, काय नंतर, याचा क्रम ठरलेला हवा. हेल्मेटचा बंद लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही असा नियम आहे, नाहीतर दंड. याची तालीम मी आपल्या व्हिजिटर पार्किंगमध्ये केली. वॉचमनमामा शिट्टी मारायचे, मी ओल्या अंगाने जिन्यापासून पळत यायचो. पहिल्या दिवशी साडेसहा मिनिटं लागली, आता तीन लागतात. कुणाच्या पाहुण्यांना त्या ध्यानाचं दर्शन झालं असेल तर दिलगीर आहे.

चौथी गोष्ट, खरी गोष्ट, भीती. घाबरलं की माणूस भराभर श्वास घेतो. त्यामुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो आणि मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. ते बघून माणूस आणखी घाबरतो आणि आणखी भराभर श्वास घेतो. हे चक्र तोडायचं तर श्वास घेण्याकडे लक्ष न देता सोडण्याकडे द्यायचं. पाण्यात तोंड असताना नाकातोंडातून बुडबुडे काढत पूर्ण श्वास सोडायचा. सोडला की घेणं आपोआप होतं. मी तर आता लिफ्ट बंद पडली तरी आधी श्वास सोडतो.

मग त्या मुलीनं मला टँकच्या खोल भागात मधेच थांबायला लावलं. गॉगल काढ, पाणी काढ, परत घाल. उताणा हो, आकाशाकडे बघत वीस श्वास मोज, परत पालथा हो आणि दहा हात मार. पुन्हा तेच. पंचवीस मीटरचा टँक आहे आपला, ७५० मीटर म्हणजे तीस फेऱ्या. त्यातल्या प्रत्येक तिसऱ्या फेरीत मी मुद्दाम 'घाबरायचो'.

यात आपल्या सोसायटीतल्या बालगोपाळांचा मोठा वाटा आहे. दर रविवारी आठ-दहा पोरं माझ्याभोवती पोहायची, पाणी उडवायची, पाय ओढायची, अंगावर चढायची. त्यांना सांगितलं होतं की आजोबांना त्रास द्यायचा. इतकं मन लावून दिलेलं काम या मुलांनी आजवर केलं नसेल. पहिल्या रविवारी मी दोनदा काठाला पळालो. सहाव्या रविवारी बी विंगमधल्या एका चिमुरडीने माझा गॉगल ओढून काढला आणि मी उताणा होऊन शांतपणे परत घातला. ती हिरमुसली. मला मात्र परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

त्यानंतर तलाव. एकट्याने कधीच नाही. ग्रुपबरोबर, काठावर माणूस ठेवून, कमरेला नारिंगी फ्लोट बांधून. तिथे आणखी एक शिकलो. दर सात-आठ हातांनी मगरीसारखं डोळे पाण्यावर काढून समोरची खूण बघायची, नाहीतर माणूस भलतीकडेच पोहत जातो. शिवाय नियमात हेही आहे की दमलं तर होडीला धरून थांबता येतं. होडीने पुढे ओढत नेलं नाही, तर बाद करत नाहीत. हे मला गेल्या वर्षी माहीत असतं तर होडीतल्या त्या मुलाला मी वेगळं उत्तर दिलं असतं कदाचित. तो बिचारा तेच विचारत होता.

आता उरले तीन आठवडे. तुम्ही विचाराल, मग भीती गेली का? नाही गेली. परवा रात्री तीन वाजता जाग आली आणि मी अंथरुणात झोपल्या झोपल्या पोहत होतो. पण या वेळी मी तिची व्यवस्था लावली आहे. ती सांगतो. दहावी-बारावीची मुलं इथे आहेत, ऑपरेशनची तारीख मिळालेली एक-दोन मंडळी आहेत, त्यांनाही कदाचित उपयोगी पडेल.

शेवटच्या दोन आठवड्यांत व्यायाम कमी करत जायचा. तेव्हा अंग हलकं होतं आणि मन मोकळं सुटतं, नसती दुखणी जाणवायला लागतात. गुडघा दुखतोय का, घसा खवखवतोय का. हे सगळ्यांचंच होतं असं समजलं की बरं वाटतं. या काळात राहिलेला अभ्यास भरून काढायला जायचं नाही. तो राहिला तो राहिला.

सामानाची यादी कागदावर. टोपी, दोन गॉगल, हेल्मेट, बूट, टॉवेल, पंप, ओळखपत्र, ब्लड प्रेशरची गोळी. आदल्या दुपारी पिशवी भरायची, प्रत्येक वस्तूपुढे टिक करायची आणि पिशवीची चेन लावायची. रात्री परत उघडायची नाही. स्ट्राँग रूम बंद केल्यावर आत काय आहे ते आठवत बसायचं नसतं.

आदल्या रात्री झोप लागेलच असं नाही. न लागली तरी चालतं. त्याच्या आधीच्या दोन-तीन रात्री नीट झोपलेलं असलं की पुरतं. नुसतं डोळे मिटून पडायचं.

सकाळी नवीन काहीही नाही. नवीन बूट नाही, नवीन गॉगल नाही, कुणी प्रेमाने दिलेलं पौष्टिक पेय नाही. अडीच तास आधी रोजचंच, दोन केळी आणि चटणी न लावलेली पोळी. मिसळ दुपारी. कोल्हापुरात राहून हे वाक्य बोलायला धैर्य लागतं. घाईघाईने तीन-तीनदा लघवीला जावं लागतं, तेही सगळ्यांचंच होतं. रांग असते, लाजू नये.

काठावर मी या वेळी मधोमध उभा राहणार नाही. सर्वांत मागे, कडेला. पाहिजे तेवढे पुढे जाऊ देत. आधी परवानगी असेल तर पाण्यात उतरून तोंड भिजवून थोडे बुडबुडे काढीन. शिट्टी झाली की दहा आकडे मोजून मग निघायचं. आणि मग दहा हात. ते झाले की दुसरे दहा. हातातलं पॅकेट.

आता शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत उशिरा कळली. भीतीची मी इतकी व्यवस्था लावली, पण ती सगळी माझी एकट्याचीच धरून. गेल्या महिन्यात एकदा जेवताना मी सौ.ला विचारलं, "गेल्या वर्षी तू काठावर कुठे उभी होतीस?" ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या. तुम्ही कुठले ते कळेना. होडी कुणाला तरी घेऊन येताना दिसली. ती काठाला लागेपर्यंत मी तिथल्या कठड्याला धरून उभी होते."

पायातल्या गोळ्याची थाप मी तिलाही मारली होती. तिने ती त्याच दिवशी ओळखली होती. विचारलं नाही, एवढंच.

तेव्हा या वर्षी आमच्यात करार झाला आहे. तिच्या दोन अटी. छातीत काही वाटलं तर हट्ट न करता बाहेर यायचं, आणि बाहेर आल्यावर खरं सांगायचं. माझी एक अट, तिने घरातली पिवळी छत्री घेऊन वळणाच्या खुणेसमोर काठावर उभं राहायचं. दर सात-आठ हातांनी मला खूण बघायचीच आहे, ती छत्रीच बघीन. आणि मी होडीला धरून थांबलो तर दुसरा हात दोनदा हलवीन, म्हणजे दम खातोय, काळजी नको. याचीही तालीम आम्ही तलावावर दोन रविवार केली. लोक बघत होते. पाऊस नसताना या बाई छत्री घेऊन काय करतायत, असं एकाने विचारलंही.

माझ्यासारखा उशिरा सुरुवात केलेला आणखी एक माणूस आहे, त्याचं नाव सांगून आवरतं घेतो. जपानचे हिरोमु इनादा, जन्म १९३२. निवृत्तीनंतर पोहायला लागले, सत्तरीत पहिली ट्रायथलॉन. २०१५ साली हवाईच्या आयर्नमॅनमध्ये वेळेची मर्यादा त्यांची अवघ्या काही सेकंदांनी हुकली. सगळ्या जगाने ते पाहिलं. पुढच्या वर्षी ते परत आले आणि त्यांनी ती पूर्ण केली. २०१८ साली वयाच्या ८५ व्या वर्षी पुन्हा केली. मी काही हवाईला जाणार नाही. मला राजाराम तलावाचा पलीकडचा बोया गाठून परत यायचंय. पण हुकलेलं सगळ्यांसमोर हुकू द्यावं, त्याला दुसरं नाव देऊ नये, एवढं मी त्यांच्याकडून घेतलं.

कमिटीला एक विनंती. या वर्षी गेटवर आधी बोर्ड लावू नये. त्याऐवजी ज्यांना जमेल त्यांनी सकाळी तलावावर यावं. लवकर यावं लागेल, चहाची सोय माझ्याकडे. पोरांनी जरूर यावं, पण पाण्यात उतरू नये, तुमचं काम झालेलं आहे.

सेक्रेटरी म्हणतात, स्मरणिकेचा मजकूर स्पर्धेच्या आधीच छापखान्यात जाईल, म्हणजे निकाल त्यात येणार नाही. चालेल. तुमच्या हातात स्मरणिका पडेल तेव्हा मी इथेच पार्किंगमध्ये सायकल पुसत असेन. येऊन विचारा. पूर्ण झाली असेल तर पूर्ण झाली म्हणेन. नसेल झाली तर का नाही झाली, तेही सांगीन, आणि या वेळी न लंगडता सांगीन.

पंचवीस वर्षं या सोसायटीने मला पाण्याची टंचाई, लिफ्टची भांडणं आणि गणपतीतले मोदक, सगळं वाटून दिलं. भीतीही वाटून घेता येते हे मला उशिरा कळलं. तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे.

अध्यक्षसाहेब, माझी पंधरा मिनिटं होऊन गेली. आणि सांगायला आनंद वाटतो, आज मी परत मोजलंय. सगळे जागे आहात.